वाचून दाखवले, बरोबर आहे

जे आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडणार नाही. आमच्या शेजारचे मामा गेली अकरा वर्षं रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून ज्या माणसाला शिव्या घालतात, तो माणूस मी आहे. मामांना हे माहीत नाही. ते शिव्या घालतात, मी चहा ओततो आणि 'खरं आहे मामा' म्हणतो.

न्यायासाठी इतका संतापणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी पैजेवर सांगतो. संताप सगळ्यांनाच येतो, पण तो चहा संपेपर्यंत टिकतो. मामांचा संताप सकाळी ताजा निघतो, त्यांच्या भाजीसारखा. गावाला लागून त्यांचा जमिनीचा तुकडा आहे. त्यात वांगी, मेथी, पालक आणि ज्याला आमच्याकडे सांभार म्हणतात ती कोथिंबीर. उजाडताना भाजी काढायची, बाजारात बसून विकायची, आणि साडेदहा वाजता टोपलं उपडं करून, तोंडावर पाणी मारून, पांढरा शर्ट चढवून कोर्टात जायचं. स्वतःच्या नावावर एकही केस नाही. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसतात, आणि कोर्टाचा तो हॉल कागदाच्या आणि घामाच्या वासाऐवजी सांभाराच्या वासाने भरून जातो. नवीन आलेल्या शिपायाने एकदा त्यांना हटकलं, "मामा, तुमची तारीख कवा हाय?" मामा म्हणाले, "माही नाही बापा. देशाची हाय. ती रोजच असते." तेव्हापासून शिपाई त्यांना विचारतो, आज बोर्डावर काय काय आहे.

घरातही त्यांचं असंच. मामींना हाक मारायची ती "चायचं समन्स निघालं हो," अशी. मामीही काही कमी नाहीत. त्या आतून उत्तर देतात, "पहिले शेंगा सोलून द्या, मंग सुनावनी." गिऱ्हाईक उधार मागायला लागलं की मामा त्याला तारीख देतात. एकाच गिऱ्हाइकाला तिसऱ्यांदा तारीख द्यायची वेळ आली, तर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतात. "पाहा, मी बी तसाच झालो!"

पण त्यांचं खरं काम संध्याकाळचं. टीव्हीवर वकील मंडळी बसून निकालांवर बोलतात, तसं मामा माझ्या ओट्यावर बोलतात. फरक एवढाच, की टीव्हीवाले 'या निकालाचे दूरगामी परिणाम होतील' म्हणून थांबतात आणि मामा तिथून सुरू करतात. "दूर म्हंजे कुठवर? माह्या वांग्यापावतर येते का नाही, थे सांगा ना!" आणि मग ते कोणताही निकाल, दिल्लीचा असो की नागपूरचा, वाकडातिकडा वळवत आणून आपल्या वांग्याच्या वाफ्यात सोडतात. एकदा पेपरात आलं, की कुठल्याशा शहरात नाल्याकाठच्या टपऱ्या पाडल्या आणि टपरीवाल्यांचा अर्ज कोर्टाने निकाली काढला. मी म्हटलं, मामा, अतिक्रमण होतं. मामांनी पेपर माझ्या मांडीवर आपटला. "अतिक्रमन असन. म्या नाही म्हनत नाही. पन नोटीस कवा चिकटवली थे वाचा. शुक्रवारी सांजच्याले! शनवार-इतवार कोर्ट बंद. सोमवारी कोर्ट उघडते तवा टपरी कुठं हाय? मंग साहेब म्हनते, आता काय उरलं, अर्ज निकाली. बाबूसाहेब, नोटीस चिकटवाचा वार कोन्या कलमात हाय, थे मले दाखवा तुमी." मी कोर्टात, सध्या रेकॉर्ड विभागात, नोकरीला आहे म्हणून ते मला बाबूसाहेब म्हणतात. सत्तावीस वर्षं नोकरी झाली, वाराचं कलम मला अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या एका दिवशी बातमी होती, की एक माणूस निर्दोष सुटला, फक्त सुटला तेव्हा तो जिवंत नव्हता. अपील वर पडून होतं, माणूस खाली गेला. त्या दिवशी मामांनी चहा घेतला नाही. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने ओट्याची फरशी खरवडत बसले. मग म्हणाले, "निर्दोस म्हने. त्याले कळवाले कोन जाईन? बेलिफ?" 

वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा मामांचा दुसरा नेम. नेम कसला, व्रतच. हर्नियाच्या ऑपरेशनला नेलं तेव्हा आत न्यायच्या आधी नर्सने फॉर्म पुढे केला. मामा तो हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर उठून बसले. "वाचून दाखवा, मंग कापा." नर्स म्हणाली, बाबा, सगळेच करतात सही. डॉक्टर आले, तेही म्हणाले, रुटीन आहे. मामा ढिम्म. शेवटी डॉक्टरांनी तो अख्खा इंग्रजी कागद उभ्याउभ्या मराठीत करून सांगितला, आणि सांगतासांगता एके ठिकाणी स्वतःच थबकले, कारण कागदावर डाव्याऐवजी उजवी बाजू लिहिलेली होती. मामांनी सही केली आणि आडवे झाले. त्या दवाखान्यात आता सगळ्यांनाच वाचून दाखवतात म्हणे. हा मामांचा एकमेव जिंकलेला खटला.

मोबाइल घ्यायला गेले तेव्हा तर दुकानाचे शेठजी रडकुंडीला आले. शेठजी भला माणूस, तीन पिढ्यांचं दुकान. त्यांनी फोन सुरू करून एक बटण दाबायला सांगितलं. मामांनी विचारलं, हे काय? शेठजी म्हणाले, "यात लिहिलंय की मी सगळं वाचलं आणि मला मान्य आहे."

"वाचा."

"मामा, हे कोणीच वाचत नाही."

"मंग 'वाचलं' म्हून बटन काहून दाबता?"

शेठजींनी फोन परत खोक्यात ठेवला.  मामा फोन न घेता घरी आले आणि अजून मामींच्याच जुन्या बटणांच्या फोनवर बोलतात.

पोहरादेवीच्या यात्रेत मामी गर्दीत चुकल्या, तेव्हाची गोष्ट मामीच रंगवून सांगतात. मामा माइकवाल्याकडे गेले, नाव सांगितलं, गाव सांगितलं, हिरवं लुगडं सांगितलं. माइकवाल्याने चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि पुकारायला तोंड उघडलं, तर मामांनी माइकवर हात ठेवला. "पहिले मले वाचून दाखव, तू काय लिवलं थे." माइकवाला म्हणाला, अहो, लोक खोळंबलेत. मामा हटेनात. त्याने वाचलं, त्यात लुगडं निळं झालेलं होतं. त्यावरून जुंपली. मामी एव्हाना मागे येऊन उभ्या होत्या आणि कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "झालं असन तं चाला. मी सापडली."

आम्ही सगळे या गोष्टीला पोट धरून हसतो. मीही हसतो. माझ्या हसण्याला किती वर्षांची सवय लागली आहे, ते मला माहीत आहे.

मामा जन्मापासून असे नव्हते. मामी सांगतात, पूर्वी ते मुकाट्याने भाजी विकणारे आणि भजनात टाळ धरणारे होते. ते असे झाले ते त्यांच्या धाकट्या बहिणीच्या केसच्या निकालापासून. या बहिणीला ते बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाईंचं गाव मी सांगत नाही, कारण गाव सांगितलं की कोर्टही कळेल. त्या विधवा. नवऱ्यामागे विहिरीकाठचा दीड एकराचा मळा त्यांनी एकटीने राखला. चुलत दीर त्या विहिरीवरून पाणी न्यायला यायचा. बाईंनी कधी नाही म्हटलं नाही. मग एक दिवस त्याने मळ्यात खोपी टाकली आणि म्हणाला, मी इथे पहिल्यापासूनच आहे. बाई कोर्टात गेल्या. केस तशी सरळ होती.

उलटतपासात दिराच्या वकिलाने विचारलं, तुमचा दीर त्या मळ्यात कधीपासून येतो? बाई म्हणाल्या, "थो कवाचाच येऊन राह्यला होता. पानी घेऊन राह्यला होता. म्या कायले नाही म्हनू?"

वऱ्हाडात जन्मलेल्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. येऊन राह्यला म्हणजे येत होता. माझी आई चुलीपुढून हाक मारायची, "भाकर होऊन राह्यली, हात धू." भाकरी काही तिथे मुक्कामाला आलेली नसायची. पण साहेब, म्हणजे न्यायाधीश, समुद्राकाठचे, नवीन आलेले. जेवणाची सुट्टी जवळ आलेली. ते पुढच्या फाइलमध्ये डोकं घालून मला म्हणाले, "साक्षीदार म्हणतात ते घ्या." घ्यायला, म्हणजे टाइप करायला, मी होतो. शाळेत शुद्धलेखनाला मला नेहमी पैकीच्या पैकी गुण असत आणि अशुद्ध काही टाइप करायचं म्हटलं की माझी बोटं आखडत. मी टाइप केलं, 'तो पूर्वीपासूनच येऊन राहिला होता व पाणी घेऊन राहिला होता.' राह्यलाचं राहिला केलं, तो एकच शब्द नडला. त्या हॉलमध्ये साहेब सोडून तो शब्द सगळ्यांनाच कळत होता, पण लिहिणारा मी एकटाच.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. कारण साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. त्याने ऐकायचं, चुकलं असेल तर सांगायचं, मग सही. म्हणून शेवटी एक ओळ असते, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' ही ओळ आमच्या संगणकात तयारच असते. साक्ष सुरू व्हायच्या आधीपासून ती खाली लिहिलेली असते, आपण वरची जागा भरत जातो. मी बाईंना वाचून दाखवलं नाही. कागद काढला, बोटाने जागा दाखवली. त्यांनी हळूहळू, अक्षर अक्षर जोडत सही केली आणि मला नमस्कार करून गेल्या. माझा डबा गार झाला होता. त्या दिवशी डब्यात काय होतं, तेही मला आठवतं.

निकालात साहेबांनी लिहिलं, की वादीने स्वतःच कबूल केले आहे की प्रतिवादी पूर्वीपासून तेथे येऊन राहिला आहे, सबब ताबा प्रतिवादीचा. दावा नामंजूर. त्या निकालाचं टायपिंगही मीच केलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. बोलायला दोन मिनिटं लागली असती. साहेब ओरडले असते, कदाचित मेमो मिळाला असता. मी बोललो नाही. निकालाच्या तीन प्रती काढल्या, टाचणी मारली, संपलं.

पुढे माझी बदली झाली आणि मी मामांच्या शेजारी राहायला आलो. पहिल्याच संध्याकाळी मामा सांभाराची जुडी घेऊन आले, मी कोर्टातला आहे म्हटल्यावर खुलले, आणि शर्टाच्या आतून एक कागद काढला. साक्षीच्या नकलेचं चौथं पान, लॅमिनेट केलेलं. माझ्या हातात चिवड्याची बशी होती. माझं वाक्य मला ओळखू आलं. मामांनी शेवटच्या ओळीवर बोट आपटलं. "हे पाहा! वाचून दाखवले म्हने. कोनं वाचून दाखवलं? कोनाले? बाई तं म्हनते, कोनी तोंड बी उघडलं नाही. अन् वरतून बरोबर आहे! कोनं ठरवलं बरोबर? थो टायप्या कोन?" कोणी न विचारताच मी म्हणालो, की त्या वर्षी मी दुसऱ्या तालुक्याला होतो.

तेव्हापासून टायप्या आमच्या ओट्यावर राहायला आला. अगदी शुद्ध मराठीतला राहायला. कोणत्याही निकालाचं भाष्य शेवटी त्याच्यावर येऊन थांबतं. त्याच्या बोटांना काय काय व्हावं, याची मामांची यादी लांबलचक आहे. खाजकुइलीपासून सुरू होते आणि मी ती इथे पुरी देत नाही, कारण मला ती पाठ आहे. मध्येच ते माझ्याकडे वळून म्हणतात, "तुमच्यासारका मानूस तिथं असता ना बाबूसाहेब, तं हे झालं नसतं." आणि सकाळी उठलो की कुंपणाच्या भिंतीवर सांभाराची जुडी असते, दहिवराने ओली. अकरा वर्षांत आमच्या घरी कोणी सांभार विकत आणलेला नाही. मी वरणावर तो चिमूटभर टाकतो आणि जेवतो.

तुम्हाला राग आला असेल तर तो बरोबर जागी आलेला आहे. मलाही येतो. माझा मला येतो, आणि त्या आधीच लिहून ठेवलेल्या ओळीचाही येतो. किती हजार कागदांखाली मी ती सोडली असेन! माणूस बोलायच्या आधीच त्याच्या नावावर 'बरोबर आहे' लिहून ठेवायचं, वर त्याच्याच भाषेला अशुद्ध म्हणायचं, आणि त्या शब्दावरून त्याची विहीर काढून घ्यायची. मामा ज्याला देशाची तारीख म्हणतात, ती ही.

मागच्या महिन्यात बाई मामांकडे आल्या होत्या. त्या निकालावरचं त्यांचं अपील आता शेवटच्या सुनावणीला लागलं आहे. त्या आमच्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या. मला त्यांनी ओळखलं नाही. साक्षीदार साहेबांकडे पाहतो, वकिलाकडे पाहतो, टाइप करणाऱ्याकडे कोण पाहतं? मी विचारलं, कशा आहात. त्या थांबल्या, शब्द जुळवले आणि म्हणाल्या, "मी बरी आहे. मी भाजी निवडत आहे."

मला वाटलं, मी परका म्हणून अशा बोलल्या. पण मामींनी आतून हाक मारली तेव्हाही त्या म्हणाल्या, "मी येत आहे." मामी हळूच म्हणाल्या, "निकालापासून अशीच बोलते थे. राह्यला म्हनतच नाही. पोरीबाळी हसतात तिले. म्हनते, माह्या तोंडानंच मळा गेला, आता नीट बोलीन." बाईंनी ते ऐकलं. मेथीची काडी मोडत मला म्हणाल्या, "तुम्ही कोर्टातले आहात. मला एवढंच सांगा, मी खरंच तसं बोलले होते का?"

मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे बाई. कोणाला आठवणार?"

त्याच संध्याकाळी मामा आले. वकिलांनी सांगितलं होतं, की साक्ष वाचून दाखवली नव्हती असं कोणी शपथेवर सांगितलं, तर निदान बाईंना पुन्हा तपासण्याची परवानगी मागता येईल. मामा म्हणाले, "तुमी रेकॉर्डले असता. थो टायप्या कुठं सापडन का?" मी म्हणालो, बदल्या होतात मामा, आता कुठला सापडायला. मी शिव्यांची वाट पाहिली. मामांनी त्या दिल्या नाहीत. लॅमिनेटवरची धूळ धोतराने पुसत म्हणाले, "असो. थो बी मानूसच. जेवाची येळ झाली असन त्याची. मी बी तं त्या दिवशी बाजार सोडून बाईसंग गेलो नाही ना. सापडला तं मी त्याले काही करनार नाही, बाबूसाहेब. पान त्याच्या हाती देईन अन् म्हनन, घे, आता वाच. बस."

शिव्या सोसत होतो तोवर मला झोप लागत होती.

शपथपत्र मी टाइप केलं आहे. त्यात तो शब्द जसाच्या तसा लिहिला आहे, राह्यला, आणि बोटं आखडली नाहीत. खाली तयार ओळ आपोआप आली होती, ती मी खोडली. सही अजून केलेली नाही. माझी नोकरी संपायला थोडी वर्षं आहेत आणि मी भित्रा आहे, हे दोन्ही खरं. आज सकाळी भिंतीवर जुडी होती. ती घरात घेतली आणि हे लिहायला बसलो.

कोर्टाला मी एक सही देणं लागतो. मामांना माझं नाव देणं लागतो. आणि बाईंना त्यांच्या साक्षीचं चौथं पान, त्या बोलल्या होत्या त्याच शब्दांत, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं माझ्याकडून राहिलं आहे.